ठाणे-नवी मुंबई : संकुलाची बाग आणि मागचा ओढा – कीटक, रानफुलांच्या वर्षभराच्या नोंदी

रानजाई

पाऊस तोंडावर आलाय. घोडबंदर रोडला येऊरच्या डोंगराला टेकून जी संकुलं आहेत, त्यांतल्या कितीतरींच्या मागून एखादा ओढा वाहतो. आमच्या मागेही आहे. जून ते पुढचा मे अशी पूर्ण वर्षाची नोंद ठेवायचं ठरलंय. नुसती फोटोंची यादी नको, दहा वर्षांनी कुणी दुसऱ्याने तीच वाट चालून तुलना करावी इतकी पक्की नोंद हवी. आराखडा असा :

बागेत ३०० मीटरची एकच ठरलेली वाट. तिचे ५० मीटरचे सहा तुकडे : हिरवळ, मेंदीचं कुंपण, लिंबू-कढीपत्त्याचा वाफा, खतखड्डा, कंपाउंडची भिंत, ओढ्याकडचा उतार. दर पंधरवड्याला सकाळी ९ ते ११ मध्ये एकदा संथ चालायचं. डावी-उजवीकडे अडीच-अडीच मीटर आणि पुढे पाच मीटर, एवढ्या चौकटीत आलेलं फुलपाखरूच मोजायचं. मागून आलेलं किंवा चौकटीबाहेरचं धरायचं नाही. एकाने बघायचं, एकाने लिहायचं. भुरभुर पाऊस, जोराचा वारा किंवा गच्च ढग असतील तर फेरी दुसऱ्या दिवशी.

रानफुलांसाठी त्याच वाटेवर पावसाळ्यात दर दहा दिवसांनी, एरवी महिन्यातून एकदा. फुललेली प्रत्येक जात, कुठल्या तुकड्यात, आणि कळी-फूल-फळ यांपैकी काय ते.

ओढ्याचं मात्र नक्की ठरत नाहीये. जाणकारांनी सांगावं, आणि वरच्यात काही चुकत असेल तर तेही.

तक्ता

चौकटीची पद्धत बरोबर आहे. अर्नेस्ट पोलार्ड यांनी इंग्लंडमध्ये १९७०च्या दशकात बसवलेली हीच. तिचं सगळं बळ एकसारखेपणात आहे. चालणारा बदलला तरी वेग, वाट आणि वेळ बदलता कामा नये. फोटो काढायला थांबलात तर मोजणी थांबवा आणि त्याच जागेवरून पुढे सुरू करा, नाहीतर फुलं जास्त असलेल्या तुकड्यात आपोआप जास्त वेळ जातो आणि आकडा फुगतो.

तक्त्याचे रकाने आधी ठरवा : तारीख, सुरुवात-शेवट वेळ, तुकडा क्रमांक, अक्षांश, रेखांश, ढग, वारा, जात, संख्या, अवस्था (अंडं, अळी, कोष, प्रौढ), कुठल्या झाडावर, काय करत होतं, फोटो क्रमांक, ओळखीची खात्री. शेवटच्या रकान्यात तीनच पर्याय ठेवा : पक्की, बहुधा, फक्त गट. ‘फक्त गट’ लिहायला कुणी लाजू नये. ‘ग्रास ब्लू (बारीक निळी फुलपाखरं) पैकी कुठलं तरी’ ही खरी नोंद आहे. अंदाजाने टाकलेलं पूर्ण नाव पुढे कुणालाच दुरुस्त करता येत नाही.

एक्सेलमध्ये ५/८ टाकलं की संगणकाच्या मांडणीप्रमाणे ५ ऑगस्टचं ८ मे होतं. वर्ष-महिना-दिवस असं २०२५-०८-०५ लिहा आणि रकाना ‘टेक्स्ट’ करून ठेवा. अक्षांश-रेखांश दशांशात, चार आकड्यांपर्यंत लिहिले की जागा साधारण ११ मीटरपर्यंत कळते. बागेला तेवढं पुरे.

आणि शून्य लिहायचंच. फेरी झाली, काही दिसलं नाही, तरी ओळ भरायची. ओळच नसेल तर फेरी झाली नव्हती की फुलपाखरं नव्हती, हे नंतर कसं कळणार?

केना_कुर्डू

वनस्पतींच्या फोटोंबद्दल कळकळीची विनंती. नुसता फुलाचा जवळून काढलेला देखणा फोटो ओळखीला पुरत नाही. पाच फोटो हवेत : पूर्ण रोप जागेसकट, खोडावर पानं समोरासमोर आहेत की एकाआड एक, पानाची मागची बाजू आणि देठाचं बूड, फूल समोरून आणि बाजूने (खालचा निदलपुंज दिसला पाहिजे), आणि असेल तर शेंग किंवा फळ. मापासाठी सहा इंची पट्टी शेजारी धरा.

हे का लागतं त्याचं जवळचं उदाहरण म्हणजे टाकळा. पहिल्या पावसानंतर महिन्याभरात सगळीकडे दिसतो आणि सगळेच त्याला सेना टोरा लिहून मोकळे होतात. पण सेना ऑब्ट्युसिफोलिया त्याच्यासारखीच दिसते. पान हातात न तोडता उलटं करा आणि पानाच्या मधल्या दांड्यावर बघा. पर्णिकांच्या खालच्या दोन्ही जोड्यांमध्ये बारीक काडीसारखी ग्रंथी असेल तर टोरा, फक्त सगळ्यात खालच्या जोडीत असेल तर ऑब्ट्युसिफोलिया. टोराच्या फुलाचा देठही आखूड असतो. आणि ग्रंथी देठाच्या अगदी बुडाशी, पर्णिका टोकदार, असं असेल तर ते तिसरंच, कासविंदा (सेना ऑक्सिडेंटॅलिस). हा एक फोटो काढला नाही तर घरी बसून कुणीही ठरवू शकत नाही.

केन्याचंही तसंच. पान रुंद, पानाच्या आवरणाच्या तोंडाशी तांबूस केस आणि निळ्या फुलाखालचं हिरवं आवरण (पात्र) नरसाळ्यासारखं जुळलेलं, तर कॉमेलिना बेंगालेन्सिस. पान अरुंद आणि पात्र नुसतं दुमडलेलं, कडेने उघडं, तर दुसरी जात.

काय केव्हा शोधायचं : पहिल्या सरींनंतर काळी मुसळी, क्लोरोफायटम (सफेद मुसळीचा गट), रानहळद. जुलै-ऑगस्टमध्ये पेव, तेरडा, कळलावी, भारंगी. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये कुर्डू, आणि गवतं. गवतांकडे कुणी बघत नाही, पण बऱ्याच स्किपर फुलपाखरांच्या अळ्या गवतावरच वाढतात, म्हणून तीही यादीत घ्या. नाव नाही आलं तर तुऱ्याचा फोटो आणि ‘गवत क्र. १’ चालेल. कारवी दिसली तर फुललेली नसली तरी दरवर्षी ‘फूल नाही’ असं लिहा. ती सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते आणि फुलण्याचं वर्ष डोंगराडोंगराला वेगळं असतं, त्यामुळे मधल्या वर्षांच्या नकारार्थी नोंदीच जास्त मोलाच्या.

घाणेरी, रानमोडी, ओसाडी, एकदांडी हीसुद्धा टिपा. बाहेरून आलेली आहेत म्हणून वगळू नका. ती किती पसरली हे उद्या त्यांच्यावरूनच मोजता येईल.

रानजाई

@केना_कुर्डू, बागेत लावलेली झाडं कशी दाखवायची? सदाफुली, एक्झोरा, जास्वंद.

केना_कुर्डू

आयनॅचरलिस्टवर (निसर्गनोंदींचं संकेतस्थळ आणि अ‍ॅप) टाकत असाल तर ‘लावलेलं’ अशी खूण करायलाच हवी, नाहीतर नकाशावर संकुलातली एक्झोरा जंगली म्हणून उमटते. त्या एक्झोरावर बसलेला कीटक मात्र जंगलीच, त्याची नोंद वेगळी. आणि मोबाइलने सुचवलेलं नाव डोळे झाकून घेऊ नका. सुचवणीत युरोप-अमेरिकेतली जात पहिल्या नंबरावर येऊ शकते. आधी ‘आपल्या भागात दिसते का’ ते तपासा.

टाचणी

ओढ्याबद्दल सविस्तर लिहितो.

पाण्यातल्या किड्यांचं सर्वेक्षण जुलै-ऑगस्टमध्ये करू नका. एकतर जिवाला धोका, दुसरं म्हणजे लोंढ्याने तळ घुसळून निघतो आणि अळ्या खाली वाहून जातात. त्या वेळी सापडलेली शून्यं ओढ्याबद्दल काही सांगत नाहीत, फक्त पुराबद्दल सांगतात. पाऊस ओसरून पाणी नितळ झालं की ऑक्टोबरअखेरीस पहिला नमुना, डिसेंबरमध्ये दुसरा, डोह उरले असतील तर फेब्रुवारीत तिसरा.

साहित्य : अर्धा ते एक मिलिमीटर जाळीचं हातजाळं (ते नसेल तर मोठी स्टीलची चाळण), पांढरा पसरट ट्रे, मऊ ब्रश, प्लास्टिकचा चमचा, ड्रॉपर, भिंग, पट्टी, थर्मामीटर, गमबूट, लांब रबरी हातमोजे.

जागा तीन : खळाळ, डोह, काठच्या झाडोऱ्याची मुळं. नेहमी खालून वरच्या दिशेने जा, म्हणजे आपणच गढूळ केलेलं पाणी पुढच्या जागी येणार नाही. जाळं प्रवाहाच्या खालच्या अंगाला तळाशी टेकवून धरा आणि त्याच्या वरच्या बाजूचे दगड-वाळू पायाने ढवळा. प्रत्येक जागी एक मिनिट, एकूण तीन. शिवाय हाताने पाच-सहा दगड उचलून ट्रेमध्ये ब्रशने धुवा आणि दगड होता त्याच जागी, त्याच अंगावर परत ठेवा. पालथा ठेवला तर खाली चिकटलेली अंडी उघडी पडतात.

ट्रे सावलीत. उन्हात पाणी तापलं की त्यातला प्राणवायू कमी होतो आणि मेफ्लाय या नाजूक कीटकाची पाण्यात वाढणारी पिल्लं सगळ्यात आधी मरतात. पंधरा-वीस मिनिटांत फोटो उरकून सगळं जिथलं तिथे सोडा.

आता ओळख. इथे सर्रास गफलत होते ती शेपट्यांवरून. मेफ्लायच्या पिल्लाला बहुधा तीन बारीक धाग्यांसारख्या शेपट्या असतात आणि पोटाच्या दोन्ही कडांना हलणारे कल्ले. टाचणीच्या (चतुराचा सडपातळ भाऊबंद) पिल्लालाही मागे तीनच दिसतात, पण ती शेपटी नाही, पानासारखे चपटे कल्ले आहेत, आणि पोटाच्या कडा मोकळ्या. स्टोनफ्लायला दोन शेपट्या आणि प्रत्येक पायाला दोन नख्या, मेफ्लायला एकच नखी. चतुराचं पिल्लू आखूड, जाडसर, लांब शेपटी नाही, आणि तोंडाखाली दुमडलेला, झटकन पुढे येणारा ओठ. वाळूचे कण किंवा काडीकचरा चिकटवून केलेली नळी दिसली तर आत कॅडिसफ्लायची अळी. ती नळीतून बाहेर ओढू नका. ट्रेमध्ये शांत ठेवली तर स्वतःच डोकं काढते.

पाण्यात न उतरताही एक फार चांगला पुरावा मिळतो : कात. काठच्या दगडावर, लव्हाळ्याच्या पात्यावर, पाण्यापासून वीतभर वर चतुराची रिकामी कात चिकटलेली असते. पाठीवर उभी चीर, आणि त्या चिरेतून दोन-चार पांढरे धागे लोंबत असतात. ते त्याच्या श्वासनळ्यांचं जुनं अस्तर. प्रौढ चतुर दुसरीकडून उडत आलेला असू शकतो. कात सापडली म्हणजे तो याच पाण्यात वाढला. सकाळी लवकर बघा, वाऱ्या-पावसाने ती लगेच पडते. कातीसाठी तक्त्यात वेगळी अवस्था ठेवा.

रानजाई

यावरून पाण्याचा दर्जा ठरवता येईल का? गुण देण्याची पद्धत असते असं वाचलंय.

टाचणी

असते. बीएमडब्ल्यूपी ही ब्रिटनमध्ये तयार झालेली पद्धत. प्रत्येक कुळाला १ ते १० गुण, बेरीज करायची, आणि सापडलेल्या कुळांच्या संख्येने भागून सरासरी काढायची. चपट्या अंगाच्या हेप्टाजेनिडी मेफ्लायला १०, बेटिडी मेफ्लायला ४, कायरोनोमिडी माशीच्या अळ्यांना २, गांडुळवर्गीय किड्यांना १. कायरोनोमिडीतली लालभडक अळी गाळात राहते. तिच्या रक्तात हिमोग्लोबिन असतं म्हणून प्राणवायू कमी असलेल्या पाण्यातही तगते.

पण मूळ ब्रिटिश गुण जसेच्या तसे इथे लावू नका. तिथे लिबेल्युलिडी या चतुरांच्या कुळाला ८ गुण आहेत. आपल्याकडचा डिच ज्युवेल त्याच कुळातला, आणि तो गटाराच्या काठावरही खुशाल वाढतो. नाल्यात त्याची पिल्लं सापडली आणि ८ गुण दिले तर घाण पाणी कागदावर स्वच्छ होतं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने भारतासाठी जुळवून घेतलेली गुणपद्धत आहे, ती वापरा.

दुसरं, येऊरच्या बाजूचे बरेच ओढे उन्हाळ्यात कोरडे पडतात. ज्या किड्यांना पाण्यात वर्षभर काढावं लागतं ते अशा ओढ्यात नसणारच, त्याचा दोष सांडपाण्याला देता येत नाही. पावसासोबत झुंडीने येणारा वाँडरिंग ग्लायडर मात्र दीड-दोन महिन्यांत पिल्लाचा चतुर होतो, म्हणून त्याला साचलेलं डबकंही पुरतं. म्हणून तुलना करायची ती त्याच ओढ्याच्या वरच्या आणि खालच्या जागेची, एकाच दिवशी : एक जागा वस्तीच्या वर, एक सांडपाणी मिसळल्यावर.

प्रवाहही मोजून ठेवा. सरळ पाच मीटरचा पट्टा घ्या, सुकी काडी सोडा, वेळ लावा. तीन वेळा करून सरासरी. समजा २० सेकंद लागले, तर पृष्ठभागाचा वेग सेकंदाला ०.२५ मीटर. तळाशी पाणी सावकाश असतं म्हणून ०.८५ने गुणा. रुंदी २ मीटर आणि सरासरी खोली १५ सेंटिमीटर असेल तर सेकंदाला सुमारे ६४ लिटर पाणी.

खारघरकर

ओढ्यात उतरणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. तुमच्या डोक्यावर ऊन असेल आणि वर डोंगरात पाऊस कोसळत असेल, असं इथे नेहमी होतं. खारघरला पांडवकड्याच्या ओढ्यात त्यामुळे माणसं वाहून गेली आहेत, आणि पावसाळ्यात तिथे प्रवेशबंदीचे आदेश निघतात. पाणी अचानक गढूळ झालं, पाला-काड्या वाहून यायला लागल्या, की जाळं तिथेच टाकून काठ चढायचा. कधीही एकट्याने नाही, एक जण कायम काठावर.

दुसरं लेप्टोस्पायरोसिस, दूषित पाण्यातून होणारा ताप. पायाला साधी चीर असली तरी पाण्यात नको. नंतर साबणाने हातपाय धुवा. काही दिवसांत ताप आला तर ओढ्यात उतरल्याचं डॉक्टरांना आपणहून सांगा.

परवानगीचंही बघा. संकुलाच्या भिंतीपलीकडे राष्ट्रीय उद्यानाची हद्द सुरू होत असेल तर वन विभागाच्या परवानगीशिवाय आत जाता येत नाही. तिथून फूल, कात, मेलेलं फुलपाखरू, काहीही उचलायचं नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ सगळ्यांना सारखाच लागू आहे.

सातेरी

फुलपाखरं आणि चतुर सगळे मोजतात, माश्या राहून जातात. फुलावर येणाऱ्या कीटकांसाठी सोपी मोजणी आहे : ५० सेंटिमीटर बाय ५० सेंटिमीटरची चौकट (पीव्हीसी पाइपची होते), आत एकाच जातीची किती फुलं उघडी आहेत ते मोजायचं, मग दहा मिनिटं त्या फुलांवर उतरणारा प्रत्येक कीटक गटवार लिहायचा. आपली सावली चौकटीवर पडू देऊ नका. गट : आग्या, सातेरी, फुलोरी या मधमाश्या, डंख नसलेल्या बारीक मधमाश्या, भुंगे, इतर एकट्या राहणाऱ्या माश्या, हॉवरफ्लाय, इतर माश्या, फुलपाखरं, भुंगेरे, मुंग्या.

पिवळे-काळे पट्टे दिसले की मधमाशी लिहितात, तिथे थांबा. हॉवरफ्लायला पंखांची एकच जोडी, शिंगं (डोक्यावरच्या मिशा) अगदी आखूड, डोळे डोकंभर, आणि ती हवेत एका जागी स्थिर राहते. मधमाशीला पंखांच्या दोन जोड्या आणि लांब शिंगं.

निळ्या पट्ट्यांची माशी (अमेजिला) टिपायची असेल तर संध्याकाळी अंधार पडताना वाळक्या काड्या बघा. नर काडीला जबड्याने चावा घेऊन, पाय आखडून झोपतात, बऱ्याचदा एकाच काडीवर ओळीने. तेव्हा फोटो निवांत मिळतो, फक्त काडी हलवू नका. दिवसा हीच माशी वांगी-टोमॅटोच्या फुलाला लटकून अंग थरथरवते आणि पराग झाडते. सातेरीला ते जमत नाही. वाफ्यात वांग्याची चार रोपं असतील तर चौकट तिथेही लावा.

तक्त्यात अजून दोन रकाने हवेतच : धूरफवारणीची तारीख आणि गवत कापल्याची तारीख. डासांसाठी धूर मारला की पुढच्या फेरीत आकडा पडतो आणि कारण लिहिलेलं नसेल तर वाचणारा हवामानाला दोष देतो. माळीदादांना आधीच सांगून ओढ्याकडच्या उताराचा एक दोन मीटरचा पट्टा ऑक्टोबरअखेरपर्यंत न कापता ठेवायला लावा. टाकळा, केना, कुर्डू तिथेच बी धरतात. ‘अस्वच्छ दिसतं’ अशी तक्रार येणारच. तिथे ‘नोंदीसाठी राखीव’ अशी पाटी लावा.

निशाचर

रात्रीचे पतंग धरले नाहीत तर यादी अर्धीच राहील. दोन बाय दीड मीटरचा पांढरा सुती कपडा दोरीवर ताणून लावा, खालचा फूटभर भाग जमिनीवर पसरवा, कारण कितीतरी कीटक चढत नाहीत, खालीच बसतात. दिवा कपड्यासमोर फूटभर अंतरावर. यूव्ही एलईडी असेल तर त्याच्याकडे थेट बघायचं नाही, चष्मा लावायचा. अमावस्येच्या आसपासची, दमट, वारा नसलेली रात्र उत्तम. साडेसात ते दहा, दर अर्ध्या तासाने कपड्याच्या दोन्ही बाजूंचे फोटो.

दहाला दिवा बंद करून कपडा झुडपांवर हळूच झटका. रात्रभर चालू ठेवला तर पतंग तिथेच बसून राहतात आणि उजाडताच दयाळ-बुलबुल येऊन फडशा पाडतात. संकुलाच्या आतच करा. येऊरच्या बाजूला रात्री बिबट्याचा वावर असतो, भिंतीपलीकडे दिवा लावायला जाऊ नका. काजवे असलेल्या कोपऱ्यात तर हा दिवा नकोच, त्यांचे एकमेकांना दिलेले इशारे प्रकाशात बुडतात.

प्रभात_फेरी

फुलपाखरं जाळ्याने पकडून ओळखली तर चालेल का? स्किपर आणि ब्लू उडताना ओळखूच येत नाहीत.

सातेरी

नको. पंखांचे खवले निघतात, आणि संरक्षित जात कुठली ते पकडेपर्यंत कळत नाही. थांबा, बसू द्या. पंख मिटलेले आणि उघडे असे दोन्ही फोटो मिळवा.

पंखांपेक्षा अंगाकडे बघायची सवय लावा. कॉमन मॉर्मनची एक मादी कॉमन रोजची हुबेहूब नक्कल असते. अंग काळं तर मॉर्मन, अंग लाल तर रोज. प्लेन टायगर आणि त्याची नक्कल करणारी डॅनेड एगफ्लायची मादी यांत मागच्या पंखाचं बघा : टायगरला मध्यभागी तीन-चार काळे ठिपके, एगफ्लायला वरच्या कडेला एकच.

अळ्याही धरा. कढीपत्त्यावर पक्ष्याच्या शिटेसारखं काही दिसलं तर डिवचू नका, ती मॉर्मन किंवा लाइम फुलपाखराची लहान अळी असते. शेवटची कात टाकल्यावर हिरवी होते, तेव्हा बाजूने फोटो घ्या, पट्ट्यांवरून जात ठरते. रुईवर प्लेन टायगर, बांडगुळावर कॉमन जेझबेल म्हणजे हळदीकुंकू, बहाव्यावर कॉमन एमिग्रंट. अळीतून फुलपाखराऐवजी परजीवी गांधीलमाशी निघाली तर तीही नोंदच आहे, मूळ अळी आणि झाड दोन्ही लिहून टाका.

तक्ता

फोटो गोळा करताना व्हॉट्सअ‍ॅपवर साध्या फोटोसारखे मागवू नका. तारीख, वेळ, ठिकाण ही आतली माहिती पुसली जाते. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा किंवा सामायिक ड्राइव्हवर मूळ फाइल टाका. डोंगराच्या कुशीत मोबाइलचं ठिकाण बरंच सरकतं, म्हणून सहाही तुकड्यांचे अक्षांश-रेखांश एकदा उघड्यावर उभं राहून नीट घ्या आणि तेच वापरा.

रानजाई

आराखड्यात बदल करते : शून्याची ओळ, फवारणी आणि गवतकापणीचे रकाने, फुलांवरच्या चौकटीची मोजणी, ओढ्यावर वर-खाली दोन जागा ऑक्टोबरपासून. एक राहिलं. क्लोरोफायटम किंवा जमिनीवरची ऑर्किड सापडली तर ठिकाण जाहीर करायचं का?

केना_कुर्डू

नाही. सफेद मुसळीचं शास्त्रीय नाव बोरिवलीवरून पडलंय, क्लोरोफायटम बोरिविलिएनम, इतकी ती याच डोंगरांची. औषधासाठी ती मुळासकट उपटतात. आयनॅचरलिस्टवर त्या नोंदीचं ठिकाण ‘धूसर’ करा, म्हणजे नकाशावर साधारण २० किलोमीटरच्या चौकोनात कुठेतरी खूण दिसते आणि खरी जागा तुमच्याकडेच राहते. पण फोटोत मागे संकुलाची इमारत किंवा पाटी आली तर धूसर करून काही उपयोग नाही, तो फोटो कापून टाका. तुमच्या तक्त्यात मात्र अचूक ठिकाण लिहा आणि ती फाइल तिघांकडेच ठेवा.

कंद उकरून ओळख पटवायचा मोह टाळा. क्लोरोफायटमच्या फुलांचा दांडा, पानांची रुंदी आणि पिकलेलं बोंड यांचे फोटो घ्या. बोंड यायला फुलानंतर काही आठवडे लागतात, तेव्हा जागेवर काडी रोवून खूण ठेवा आणि त्या उताराला माळीदादांचं यंत्र लागणार नाही हे बघा.